भारत कुणाशी युद्धात नसताना कसाबवर 'युद्ध पुकारल्याचा' गुन्हा कसा लागला?

कारण भारतीय दंड संहितेच्या कलम 121 मधलं 'युद्ध' म्हणजे दोन देशांतली लढाई नव्हे. तो भारत सरकारविरुद्धच्या सशस्त्र उठावाचा गुन्हा आहे, आणि परदेशी नागरिकालाही लागतो. सीएसटी किंवा ताज म्हणजे सरकार नव्हे, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात फेटाळला: 'भारत सरकार' म्हणजे इथे भारतीय राज्यसंस्था. हल्लेखोर किती, यापेक्षा हेतू बघतात. म्हणूनच प्रत्येक बॉम्बस्फोट 121 मध्ये बसत नाही. बहुतेकांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम 15 पुरतं. शिवाय 121 साठी केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते, त्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. (1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना हेच भारतीय न्याय संहितेचं कलम 147.)

मात्र यावरून कसाब 'युद्धकैदी' ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची मोजपट्टी वेगळी: देश आणि सशस्त्र गट यांच्यातली हिंसा 'सशस्त्र संघर्ष' ठरायला हिंसेची तीव्रता आणि गटाची संघटित रचना, दोन्ही लागतात. तशा संघर्षातही गटाच्या सदस्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही; 1949 च्या चारही जिनिव्हा करारांत (युद्धातल्या वागणुकीचे आंतरराष्ट्रीय करार) सारख्याच असलेल्या 'सामायिक कलम 3' चं किमान संरक्षण मिळतं. टीव्हीवरच्या चर्चेत 'युद्धा'चे हे दोन अर्थ सर्रास एकत्र कालवतात.