आजी म्हणाली, म्हसरं कधी सोडायची तेवढं सांग

"मॅडम, मास मीडिया म्हणजे नेमकं काय हो? पोरगी टीव्हीवर बोलणार काय?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच हा प्रश्न टाकला. मुलगी बारावी सायन्सला. इंजिनिअरिंग नको म्हणते, आणि मग काय हवं विचारलं तर 'मीडिया' एवढंच सांगते. वडिलांना दोन काळज्या होत्या. सायन्सची दोन वर्षं पाण्यात जाणार, ही एक. यातनं पोट भरणार नाही, ही दुसरी. दर उन्हाळ्यात निदान पाच-सहा घरं हेच घेऊन करिअरचा सल्ला विचारायला माझ्याकडे येतात, म्हणून त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीचे तपशील बदलून हे लिहिते आहे.

मी मुलीला विचारलं, "टीव्हीवर बोलायला आवडेल?"

"न्हाई मॅडम. मी कॅमेऱ्यासमोर उभा पण राहत नाही."

मग मीडिया का? तर मैत्रीण त्या कोर्सला जाणार होती. यात मुलीचं चुकलं असं मला वाटत नाही. मुलांना कोर्सचं नाव कुणीतरी सांगतं, तिथं दिवसभर काय करायचं असतं ते कुणी सांगत नाही. म्हणून मी माहितीपत्रकं दाखवत नाही, एक काम देते.

तिची आजी पंचगंगेकाठच्या गावात राहते. 2019 च्या पुरात तिला घर सोडावं लागलं होतं. मी म्हटलं, "पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आपल्याला पावसाळ्यात पाठ असतं. हेच तुझ्या आजीच्या उपयोगाला येईल असं काहीतरी एका कागदावर करून आण. लिही, काढ, काहीही कर."

दोन आठवड्यांनी ती दोन कागद घेऊन आली. पहिल्यावर पाणी मोजायची पट्टी होती, 39 ला पिवळा रंग, 43 ला लाल. नीटनेटकं काम. पण आजीनं तो बाजूला सारला होता. म्हणाली होती, "फूट ऱ्हाऊ दे. म्हसरं कधी सोडायची तेवढं सांग की."

मुलगी मग चार घरं फिरली. बंधाऱ्यावर इतकं पाणी असताना तुमच्याकडे कुठवर आलं होतं, हे विचारत. दुसऱ्या कागदावर पट्टी नव्हतीच. एकाखाली एक चौकटी, प्रत्येकीत बंधाऱ्यावरचा आकडा आणि शेजारी गावातली खूण: ओढ्यावरचा पूल, शाळेची पायरी, गोठ्याचा उंबरा. एका चौकटीत खुंट्याला बांधलेली म्हैस. त्याच्या पुढच्या चौकटीत तोच खुंटा, दावं सुटलेलं, म्हैस नाही. आजीला वाचता येत नाही. तिनं रिकाम्या खुंट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं सोडायची."

तो खुंटा मी बराच वेळ बघत राहिले.

कागद वडिलांसमोर ठेवूनच मी मास मीडिया आणि व्हिज्युअल कम्युनिकेशन यांतला फरक सांगितला. पाणी कुठवर आलं, कुठला रस्ता बंद झाला, सांगणारा खरं सांगतोय का, हे शोधून हजारो लोकांपर्यंत वेळेत पोचवणं हे जनसंवादाचं, म्हणजे मास मीडियाचं काम. वृत्तपत्र, रेडिओ, टीव्ही, जाहिरात, जनसंपर्क हे सगळं त्यात. तिथं भाषा लागते, प्रश्न विचारायचा धीर लागतो. व्हिज्युअल कम्युनिकेशनमध्ये तीच गोष्ट डोळ्यांना कशी कळेल ते ठरवायचं असतं: अक्षर केवढं, रंग कुठला, जागा कुठं मोकळी सोडायची, आधी काय दिसावं. पुस्तकाचं मुखपृष्ठ, ॲपचा स्क्रीन, ॲनिमेशन, एसटी स्टँडवरची पाटी, ही सगळी तीच कामं. दोन्ही क्षेत्रं एकमेकांत मिसळतात. चार घरं फिरली तेव्हा ही मुलगी बातमीदारच होती. पण परत येऊन तिनं लेख लिहिला नाही, खुंटा काढला. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला.

सायन्स वाया जात नाही, हे ऐकून वडील जरा सैल झाले. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा, दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. उपयोजित कलेची, म्हणजे अप्लाइड आर्टची, बीएफए ही चार वर्षांची पदवी. तिची राज्याची सीईटी वेगळी, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. मास मीडियाकडे जायचं असतं तर बारावीनंतर पदवी, आणि पुढं शिवाजी विद्यापीठातच पत्रकारितेचा विभाग आहे.

पोटापाण्याचं मी गोड करून सांगितलं नाही. सुरुवातीचे पगार थोडे असतात, फ्रीलान्स कामाचे पैसे मागून मागून मिळतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो चिकटवणं आता मोबाइलवर मिनिटात होतं, त्याच्या भरवशावर कुणी राहू नये. आजीला काय हवंय ते जाऊन विचारणारा माणूस मात्र लागतोच. खासगी कॉलेजात लाखांनी फी भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या, हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

वडील म्हणाले, "आमच्या घरात असलं कुणी केलं नाही, मॅडम."

खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ, म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाचं स्मारक, त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पोस्टरंही ते स्वतः रंगवत. मी म्हटलं, "कॅमेऱ्याचे भाग कुणीतरी हातानंच घासून-कातून केले असतील की. तुमच्यासारख्याच कारागिरांनी." ते काही बोलले नाहीत, पण दुसरा कागद त्यांनी घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

मुलगी आता परीक्षेसाठी रोज एक वस्तुचित्र काढते. घरातले तांबे-किटल्या संपल्या, तेव्हा वडील वर्कशॉपमधनं वस्तू आणायला लागले. परवा चांगला जड थ्री-जॉ चक, म्हणजे लेथवर काम पकडून ठेवणारा तीन दातांचा पकडा, स्कूटरच्या पायाशी ठेवून आणला आणि विचारलं म्हणे, "याच्या दातावर उजेड कुठनं पाडू?"