बिलं आता यंत्र वाचतं, मग माझी नोकरी?

“अकरा वर्षं मी बिलांची एन्ट्री करतेय. आता सॉफ्टवेअरच बिल वाचतं. मला घरी बसवणार का?” लेखा विभागातल्या एका बाईंचा हा प्रश्न. घाबरून त्यांनी कोडिंगच्या कोर्सचे पैसेही भरले होते. धास्ती खरी होती, कोर्स मात्र त्यांच्या कामाचा नव्हता.

अशा वेळी अख्खी नोकरी धरून विचार केला की भीतीच वाढते. २०१३मध्ये ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑसबॉर्न यांनी पूर्ण व्यवसाय धरून हिशेब केला, तेव्हा अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात दिसल्या. २०१६मध्ये ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या अभ्यासात नोकरीतली कामं सुटी करून पाहिली, तर २१ देशांची सरासरी निघाली ९ टक्के.

म्हणून बाईंना दहा दिवस वही ठेवायला सांगितली. दर अर्ध्या तासाला एक ओळ, पुढे खूण: ‘ठरलेलं’ की ‘डोकं लावावं लागलं’. टायपिंग आणि बिल, खरेदी-ऑर्डर, माल-पावती जुळवणं ‘ठरलेलं’ निघालं. दुसऱ्या खुणेची एक ओळ मोलाची होती. पुरवठादाराने जुनंच बिल क्रमांकापुढे ‘ए’ लावून पुन्हा पाठवलं होतं. क्रमांक वेगळा, म्हणून यंत्राने ते नवं धरलं आणि मंजुरीला पाठवलं. रक्कम ओळखीची वाटली म्हणून बाईंनी फोन केला आणि पैसे थांबवले. क्रेडिट नोट, म्हणजे पुरवठादाराने रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, बिल म्हणून चढते, तीही याच जातीची चूक.

पगाराचं गणित इथेच आहे. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले संशोधक डेव्हिड ऑटर आणि नील थॉम्पसन यांची मांडणी अशा वेळी फार उपयोगी पडते. सोपा भाग यंत्राकडे गेला तर उरलेल्या कामाला जाणकार लागतो, मोबदला वाढू शकतो, पण माणसं कमी लागतात. अवघड भाग गेला तर ते काम अनेकांना जमतं आणि पगारावर दाब येतो. बाईंचा सोपा भाग गेला होता. जागा कमी होऊ शकतात, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. लपवून भलं होत नाही.

कोर्स सोडून त्यांनी दोन गोष्टी धरल्या: अडकलेली बिलं रोज निकाली काढायची, आणि बिल व ऑर्डर यांतला किती रकमेचा फरक आपोआप मंजूर व्हावा ती मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये कशी लावतात ते शिकायचं. शिवाय पकडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद: तारीख, रक्कम, कशी कळली. नोंद नसली की वाचलेल्या पैशांचं श्रेय सॉफ्टवेअरलाच जातं. तीन महिन्यांची वही घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. अडकलेल्या बिलांची जबाबदारी लेखी मिळाली. पगाराचं बोलणं पुढच्या आढाव्यात आहे.