लाल रेषेतला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार सर, कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला एक टूबीएचके बघितलाय, रेट बाकीपेक्षा बराच कमी आहे. बिल्डर म्हणतो जागा निळ्या (नदीकडच्या) आणि लाल (बाहेरच्या) पूररेषेच्या मधे आहे, परवानगी मिळालीय, आणि लाल रेषेपर्यंतचं पाणी 100 वर्षांतून एकदाच येतं, ते 2021 ला येऊन गेलं, आता टेन्शन नाही. बायको नकोच म्हणतेय. 20 वर्षांचं लोन आहे, इन्शुरन्स काढला की भागेल ना?

उत्तर: बिल्डरचं 100 वर्षांचं गणित साफ चुकीचंय. लाल रेषा म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर, मागच्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही असं काही नसतं. तुमच्या 20 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 18 टक्के होते, म्हणजे जवळजवळ पाचात एक! आणि आपल्या डोळ्यादेखत बघा ना, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, पण 2019 ला पाणी 55 च्या वर आणि दोनच वर्षांनी 2021 ला 56 च्या वर गेलं.

परवानगी मिळालीय हे खरं असू शकतं, कारण निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असली तरी दोन रेषांच्या मधे चालतं, फक्त जोतं (इमारतीचा चौथरा, प्लिंथ) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. म्हणून बिल्डरला नुसता नकाशा नको, दोन आकडे मागा, लाल रेषेची पातळी आणि जोत्याची पातळी, दोन्ही समुद्रसपाटीपासून मीटरमधे, आणि दुसरा आकडा आपल्या सर्व्हेअरकडून मोजून घ्या. तरी जोतं वर असलं तरी रस्ता खालीच राहतो बरं का, घर कोरडं पण लाईट नाही, लिफ्ट नाही, प्यायला पाणी नाही आणि घरात म्हातारी माणसं, हे मी नातेवाइकांकडे बघितलंय आणि ते दिवस मला विसरता येत नाहीत.

इन्शुरन्स जरूर काढा, घराच्या विम्याच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर कव्हर असतो. पण तो मोडतोड भरून देतो, पुढे फ्लॅट विकताना पडलेला रेट नाही देत, आणि पार्किंगमधल्या गाडीची पॉलिसी वेगळी लागते.

टोकन द्यायच्या आधी एकदा त्या गल्लीत जाऊन जुन्या दुकानदाराला विचारा, 2021 ला पाणी कुठपर्यंत होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. वहिनींनाही सोबत न्या.