पिशवी काढायची घाई कशासाठी?

या वेळच्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा आहे: गर्भपिशवी काढू का? म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (सातपूर): मुलगी 13 वर्षांची. पाळी सुरू होऊन वर्ष झालं, अजून मागेपुढे होते. पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) असेल का?

उत्तर: सुरुवातीची दोन-तीन वर्षं असं होतंच. लगेच सोनोग्राफीला पळू नका. तीन-तीन महिने पाळी आली नाही किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, तर मात्र दाखवा.

प्रश्न (सिन्नर तालुका): वय 36, दोन मुलं. अंगावरून जास्त जातं, पांढरंही जातं, कंबर दुखते. सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’ आणि दोन सेंटिमीटरची गाठ आली. डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. जावेनंही काढली आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीआधी उरकावं, असं घरचे म्हणतात.

उत्तर: ताई, आधी थांबा. दोन बाळंतपणांनंतर पिशवी थोडी मोठी दिसतेच. ‘बल्की’ हा आजार नव्हे. तुमच्यासारख्या फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठी असंख्य बायकांना असतात आणि त्यांचा कॅन्सर होणं अगदी दुर्मीळ. पांढरं जाणं जंतुसंसर्गाचं असेल तर औषधानं बरं होतं. कंबरदुखीचं खापर पिशवीवर फोडू नका, ऑपरेशननंतरही कंबर दुखतच राहिलेल्या बायका मी नेहमी पाहते.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) करा. गरज वाटली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, तांबीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधनही आहे, ते काही वर्षं काम करतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं का? कॅन्सर, फार मोठ्या गाठी किंवा औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर ऑपरेशन करावंच लागतं, तेव्हा मीही करते. पण ‘पुढे काही होऊ नये म्हणून’ 36 व्या वर्षी पिशवी काढणं मला अजिबात मान्य नाही. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे त्रास एकदम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. काय काय काढणार, हे सहीआधी लिहून मागा.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये साऱ्या राज्यानं ऐकलं. अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना निर्देश दिले. तरी ‘सरकारी आरोग्य योजनेत बसवून देतो, एक पैसा लागणार नाही’ असं सांगणारे भेटतातच. फुकट होतंय हे पिशवी काढायचं कारण नव्हे. आणि ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलता येत नाही, मग छाटणीआधी उरकून बागेत जाणार कशा? रिपोर्ट घेऊन नाशिकला त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, दुसरं मत घ्या.

प्रश्न (पंचवटी): आई 58 वर्षांची, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा डाग दिसला. शेजारीण म्हणते, उष्णतेनं.

उत्तर: उष्णतेनं नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला तरी तपासणी हवीच. कारण बहुधा साधंच निघतं, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर याच खुणेवरून लवकर सापडतो. महिना आधीच गेलाय, याच आठवड्यात न्या.

प्रश्न (दिंडोरी): 11 वर्षांच्या मुलीला एचपीव्ही लस दिली तर पुढे मूल होत नाही, असा मेसेज फिरतोय.

उत्तर: खोटा आहे. लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते. पुण्याच्या सिरमची ‘सर्व्हाव्हॅक’ 2023 पासून मिळते. या वयात साधारण दोन डोस लागतात, बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. आणि आईनं तिशीनंतर स्वतःच्या गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली का?

प्रश्न (पेठ): सून सातव्या महिन्यात आहे. सरकारी दवाखान्यात सिझेरियनला किती खर्च येतो?

उत्तर: काहीच नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, ने-आण सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. गाडीसाठी 102, तातडीला 108. हिमोग्लोबिन मात्र आत्ताच तपासा, नवव्या महिन्यात कळून भरून काढायला वेळ उरत नाही. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा.