साठीतल्या आईवडिलांना घेऊन स्पितीला जाताना ताबो वगळलं तर चालेल का?

तुमच्याकडे चार दिवस आहेत, साठीतले आईवडील बरोबर आहेत, आणि मनालीहून जाऊन काझा (हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव), की गोम्पा (डोंगरावरचा बौद्ध मठ), हिक्कीम गाव, चिचमचा दरीवरचा पूल हे सगळं करायचंय. त्यासाठी ताबो हे जुन्या बौद्ध मठाचं गाव सोडलं तर चालेल का, असं विचारलंय. माझं ऐकाल तर शिमल्याकडून चढा, निदान आठ-नऊ दिवस काढा, आणि काही सोडायचंच तर चिचमचा पूल सोडा.

मनाली साधारण 2000 मीटरवर आहे. तिथून निघालात की त्याच दिवशी 4500 मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते. अटल बोगद्यामुळे रोहतांग टळतो, कुंझुम टळत नाही. शिवाय ग्रांफूच्या पुढचा रस्ता दगडगोट्यांचा, मधे ओढे आडवे येतात. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाचं डोकं त्या रात्री ठणकलं नाही तरच नवल. शिमल्याहून किन्नौर जिल्ह्यातून जाताना चढ हळूहळू येतो. कल्पाला (सुमारे 2900 मीटर) दोन रात्री काढा, नाकोत तासभर थांबा आणि मुक्कामाला ताबोला उतरा. नाको ताबोपेक्षा उंच आहे, त्यामुळे उंची अंगवळणी पडते आणि झोप मात्र खालच्या गावात मिळते. काझा त्यानंतर.

आता ताबो. बाहेरून मातीच्या भिंती, बुटकी दारं, बस्स. गाडीतून उतरून फोटो काढणारे पाच मिनिटांत निघून जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या येशे-ओ राजाने इ. स. 996 मध्ये उभारलेला हा मठ आजही चालता आहे. मुख्य दालनात शिरलात की आधी नुसता अंधार. डोळे सरावले की भिंतींतून पुढे आलेल्या 32 मूर्ती दिसू लागतात, मधोमध चार देहांचा वैरोचन बुद्ध. सबंध दालन हेच एक मंडल (देवतांची पवित्र मांडणी) आहे आणि तुम्ही त्याच्या आत उभे असता! मूर्तींच्या खाली बुद्धाचं चरित्र आणि गुरूच्या शोधात फिरणाऱ्या सुधनाची कथा रंगवली आहे. ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. अजिंठा पाहिलं असेल तर मातीच्या गिलाव्यावरच्या त्या रंगांशी लगेच ओळख पटेल. आत फोटो काढायला बंदी आहे. छोटी विजेरी जवळ ठेवा आणि ती लावण्याआधी तिथल्या लामांना विचारा. घाई करू नका, एक अख्खी सकाळ द्या.

गुडघ्यांच्या दृष्टीनेही ताबोच बरं, मठ गावातच सपाटीवर आहे. की गोम्पा 4100 मीटरच्या वर, आणि आत पायऱ्याच पायऱ्या. आईवडिलांना दम लागला तर खालूनच बघू द्या, खालूनही तो देखणाच दिसतो.

सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात. उंचीवरच्या त्रासासाठीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर नक्कीच विचारा. रोख पैसे शिमल्यातूनच न्या. धाप बसल्या जागीही थांबत नसेल किंवा चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, रस्ता बंद झाला तर तो लागतोच.