जर्मनीत टीम लीड म्हणून येताय? चूक झाली तर अंगावर काय येतं, काय नाही

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मिहानमधल्या (तिथलं आयटी-उद्योग क्षेत्र) कंपनीत तुम्ही आठ जणांची टीम सांभाळता, श्टुटगार्टहून टीम लीडची ऑफर आली आहे, आणि धास्ती ही की टीमकडून काही चुकलं तर इथे सगळं लीडवर शेकतं का, पगार कापतात का, नोकरी जाते का. मीही नागपूरचीच, धरमपेठेतली. बरीच वर्षं श्टुटगार्टलाच आहे आणि हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं, ते लवकर संपतं. कामात किरकोळ हलगर्जी झाली तर जर्मनीत कर्मचाऱ्याला भरपाई द्यावी लागत नाही. चूक मध्यम असेल तर परिस्थिती पाहून नुकसान कंपनी आणि कर्मचाऱ्यात वाटलं जातं. घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं असेल तर मात्र पूर्ण भार येऊ शकतो. कामगार न्यायालयांच्या निकालांमधून ही पद्धत पक्की झाली आहे. ज्युनिअरने चुकीची स्क्रिप्ट चालवली म्हणून लीडचा पगार कापला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

नोकरीचं म्हणाल, तर प्रोबेशन बहुतेक ६ महिन्यांचं असतं आणि त्यात दोन्हीकडून २ आठवड्यांची नोटीस पुरते. त्यानंतर, कंपनीत १० पेक्षा जास्त लोक असतील तर, ठोस कारणाशिवाय काढता येत नाही. ब्लू कार्डवर (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) असताना नोकरी गेलीच, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला २ आठवड्यांत कळवावं लागतं. हे विसरू नका.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही विचारलेली नाही.

आपल्याकडे चांगला लीड कोण? जो म्हणतो, ‘तू जा बे घरी, मी बघून घेतो.’ कोणाच्या बहिणीचं उमरेडला लग्न असतं, कोणाचं बाळ आजारी असतं. लीड रात्री बसून त्याचं काम उरकतो आणि वर कोणाला पत्ता लागू देत नाही. यात माया असते, मी नाकारत नाही. इथे मात्र हाच गुण अंगलट येतो.

एक तर कायदा आडवा येतो. दिवसाला ८ तास काम, पुढे कमी काम करून सरासरी ८ वर आणणार असाल तर १०. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. म्हणजे रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटला तर सकाळी साडेदहाच्या आधी उघडायचा नाही. टीम लीड यातून सुटत नाही. शिवाय कामाचे तास नोंदवणं कंपनीवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे रात्रीचं गुपचूप काम म्हणजे एक तर खोटी नोंद, नाही तर नियमभंग.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. माझ्या ओळखीतला एक लीड, विदर्भातलाच, मागे पडलेलं एक मॉड्यूल कित्येक आठवडे एकटा ओढत राहिला. काम वेळेत झालंसुद्धा! शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. मॅनेजरने एवढंच विचारलं, ‘अडलंय हे तुला कधी कळलं होतं?’ पुढचा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला. त्याला तो अन्याय वाटला. मला वाटत नाही. वेळीच कळलं असतं तर मॅनेजरने एखादं फीचर पुढे ढकललं असतं, किंवा दुसऱ्या टीममधून माणूस दिला असता. तो निर्णय त्याचा होता, आणि याने तो परस्पर घेऊन टाकला.

म्हणून इथे येण्याआधीच, मिहानमध्ये असतानाच, सवय लावा. अडलं की त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या: काय अडलंय, कधीपासून, मी काय ठरवलंय, तुमच्याकडून कुठला निर्णय कधीपर्यंत हवा. ‘मी ठरवलंय’ हे सगळ्यात अवघड जातं. प्रत्येक गोष्टीला वरून होकार मागणारा लीड इथे नम्र वाटत नाही, अंग काढून घेणारा वाटतो. ‘क्लायंटनेच सांगितलं होतं’ हेही चालत नाही. तारीख जमणार नव्हती तर मीटिंगमध्ये नाही म्हणायचं होतं, असं तोंडावर ऐकवतात. त्यात अपमान काही नसतो.

जबाबदारी म्हटलं की आपल्याला १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतरचा शास्त्रीजींचा राजीनामा आठवतो. रेल्वेमंत्र्याला ते शोभतं. लीडने ‘सगळी चूक माझी’ म्हणत मान खाली घातली की बैठक अवघडते आणि ती चूक पकडणारी टेस्ट मुळात का नव्हती, हा प्रश्न राहून जातो. आमच्याकडे बिघाडाच्या अहवालात ज्युनिअरचं नाव येत नाही. उपायासमोर मात्र लीडचं नाव आणि तारीख येते, आणि ती तारीख लोक खरंच तपासतात.

आजारपणाचंही तसंच. कोणी आजारी असल्याचं कळवलं की काय झालंय हे विचारायचं नाही, घरी फोन करून कामाचं तर अजिबात नाही. पगार ६ आठवड्यांपर्यंत कंपनी देते. काम दुसऱ्यांत वाटणं, किंवा होणार नाही म्हणून कळवणं, ही तुमची डोकेदुखी. टीममधले काही जण नागपुरात बसणार असतील, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतच्या मिरवणुकीमुळे तिकडे अर्धी टीम नसेल हेही तुम्हीच आधी कॅलेंडरमध्ये टाकायचं. जर्मन मॅनेजरला ते कुठून कळणार?

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा: टीममधल्यांच्या सुट्ट्या कोण मंजूर करतं, नवीन माणूस घेताना तुमचा शब्द चालतो का, आणि ऑन-कॉल (कामाच्या वेळेबाहेर फोनवर हजर राहणं) असेल तर त्याचे पैसे किंवा बदली सुट्टी कशी मिळते. पहिल्या दोन्हींत तुम्ही नसाल, तर तो लीड नुसता नावाचा आहे. मग पगार त्या हिशेबाने पाहा. उत्तरं ईमेलवरच घ्या.