पोटाच्या ऑपरेशननंतरचा ताप : कधी, कोणता स्कॅन?

खानापूर : वडिलांचं फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ताप आला, तरी डॉक्टर सीटी नको म्हणतात. हयगय तर नाही ना?

तसं वाटत नाही. पोट उघडलं की आत थोडं पाणी आणि हवा राहतेच. हवा तर आठवडाभरही दिसते. इतक्या लवकर ते पाणी साधं की पू, हे स्कॅनवर ठरवणं कठीण. पुवाभोवती कड धरायला साधारण ५ ते ७ दिवस जातात. मात्र बीपी घसरलं, पोट कडक झालं किंवा ड्रेनमधून (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून) शौचासारखं पाणी आलं, तर दिवस मोजत बसायचं नाही.

निपाणी : आईला दहाव्या दिवशीही ताप आहे, पण सोनोग्राफी नॉर्मल आली. काळजी मिटली म्हणायची?

नाही. आतड्यातल्या हवेपलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही, त्यात जखमेवरची पट्टी आड येते. यकृताखालचा पू ती छान पकडते; आतड्यांच्या वेटोळ्यांत दडलेला निसटतो. आता शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध, देऊन सीटी करायला हवा. त्यात पुवाची कड उजळते, कधी आत हवेचे बुडबुडे दिसतात. आतड्याचा जोड गळत असल्याची शंका असेल तर तोंडावाटे किंवा गुदद्वारातूनही हे औषध देतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कळतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगायला विसरू नका.

येळ्ळूर : सीटीच्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात.

एका स्कॅनचा धोका अगदी थोडा. पोटात राहिलेला पू त्याहून कितीतरी घातक. गरोदर असाल तर मात्र आधीच सांगा.

चिकोडी : पू सापडला. पुन्हा पोट फाडणार का?

बहुतेक वेळा नाही. ३ सेंटिमीटरहून लहान असेल तर अनेकदा अँटिबायोटिकने जिरतो. मोठा असेल तर जागा बधिर करून, सोनोग्राफी किंवा सीटीवर पाहत बारीक पिगटेल (टोकाला वळलेली) नळी घालतात. पू कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) जातो, त्यावरून औषध ठरतं. रोज पिशवीत किती आलं ते लिहून ठेवा. एकदम थांबलं आणि ताप चढला, तर नळी तुंबली असेल.

संकेश्वर : ऑपरेशन बेळगावात झालं, आता मिरजेला दाखवायचंय. रिपोर्ट पुरेल?

नुसत्या रिपोर्टवर मिरजेचे डॉक्टर तरी काय करणार? स्कॅनची सीडी आणि ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर सगळं नसतं. रक्त थांबवायला सर्जन कधी विरघळणारा जाळीदार तुकडा आत ठेवतात. त्यात हवा अडकते आणि स्कॅनवर तो हुबेहूब पुवासारखा दिसतो. नोटमध्ये तो लिहिलेला सापडला, तर विनाकारण नळी घालणं टळतं.